उजवीकडून पहिली आकृती

आमच्या घरातल्या गाईडात छापखान्याच्या चुका फार होत्या, असं नानांचं ठाम मत होतं. नाना म्हणजे माझे वडील. पुस्तकाच्या शेवटी उत्तरं दिलेली असत. त्यांतलं जे पटत नसे ते नाना पेन्सिलीनं खोडायचे आणि शेजारी बारीक, वळणदार आकड्यात आपलं उत्तर लिहायचे. काही ठिकाणी तर 'बरोबर आकृती छापायची राहिली' असा शेराही मारलेला असे.

मी एकदा म्हटलं, "नाना, इतक्या चुका कशा करतील? लोक पैसे देऊन पुस्तक घेतात."

"बाई, दिल्लीवाल्यांना काय पडलंय आपलं? छापलं, विकलं, मोकळे झाले."

यावर बोलायची सोय नव्हती. नाना तहसील कचेरीत कारकून होते आणि दुसऱ्याच्या कागदातली चूक काढण्यात त्यांची हयात गेली होती.

ते गाईड बँकेतल्या कारकुनाच्या परीक्षेचं होतं. ऐंशीच्या आगेमागे औरंगाबादेत बी.ए., बी.कॉम. झालेलं जवळपास प्रत्येक पोर ही परीक्षा देत होतं, मीही त्यातलीच एक. इंग्रजी असे, गणित असे, आणि त्याशिवाय 'रीझनिंग' नावाचं एक नवंच प्रकरण असे. त्यातल्या बऱ्याच प्रश्नांत एकही शब्द नसायचा. ओळीनं चार-पाच चौकोन, आणि प्रत्येकात काहीतरी काढलेलं: एखादा बाण, दोन ठिपके, अर्धा काळा केलेला गोल. एका चौकोनातून दुसऱ्यात जाताना बाण थोडा फिरायचा, ठिपका एक कोपरा पुढं सरकायचा. काय बदलतंय ते ओळखायचं आणि खाली दिलेल्या आकृत्यांतून पुढची आकृती निवडायची. काही प्रश्नांत मधल्याच एखाद्या चौकोनात प्रश्नचिन्ह असायचं, तिथं काय बसेल ते सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात बाण एकीकडं फिरतो, ठिपका दुसरीकडं पळतो, तोवर गोल काळ्याचा पांढरा होतो आणि आपल्या डोक्याचं भरीत होतं.

माझी गाठ या आकृत्यांशी परीक्षेपुरती होती. नानांना मात्र त्यांचा नादच लागला. कचेरीतून आले की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि सतरंजीवर गाईड उघडून बसायचं. शहागंजच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेर भाजीवाल्यांचा शेवटचा ओरडा चालू असायचा, आत नाना बोटानं पेन्सिल फिरवत एखाद्या चौकोनाकडं टक लावून बसलेले असायचे. एखादं कोडं सुटलं की स्वतःशीच "वाह!" म्हणायचे. मी सोडवलेलं तपासताना त्यांचे दोनच शब्द ठरलेले होते. बरोबर आलं तर "दुरुस्त." चुकलं तर "गलत."

हे शब्द कुठून आले ते सांगायला हवं. नानांचं सगळं शिक्षण उर्दूत झालं. आम्ही मूळचे देवगाव रंगारीचे, घरी शेती. निजामाच्या राज्यात ज्याला पुढं शिकायचं त्यानं उर्दूत शिकायचं, हा साधा हिशेब होता. घरात मराठी बोलायची, देवापुढं मराठी आरती म्हणायची आणि शाळेत भूगोल उर्दूत पाठ करायचा. नाना तसेच मॅट्रिक झाले आणि कचेरीत लागले. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा त्यांनी गावात गूळ वाटला. पुढं काही वर्षांत कचेरीचा कारभार मराठीत आला. ज्यांचं उर्दू हस्ताक्षर पाहून साहेब खूश व्हायचा, ते नाना साध्या मराठी अर्जावर अडखळायला लागले. गूळ वाटताना झालेला आनंद खरा होता आणि नंतरची ही फजितीही खरीच होती. त्यांनी दोन्ही गोष्टी कधी एकमेकींवर ढकलल्या नाहीत.

त्यांना मराठी लिहायला शिकवलं ते माझ्या आईनं. आई घाटाखालची, चाळीसगावकडची. तिकडं इंग्रजांचा अंमल होता, गावोगाव मराठी शाळा होत्या आणि ती चौथी पास झालेली होती. मॅट्रिक झालेल्या नवऱ्याला चौथी झालेल्या बायकोनं पाटीवर बाराखडी गिरवायला लावली, ही आमच्या घरातली जुनी थट्टा होती. आई ती रंगवून सांगायची. नाना हसायचे, पण अंमळ उशिरा.

म्हणून त्यांना या आकृत्यांचं एवढं कौतुक होतं. "ह्याला जबान नाय बाई," ते मला म्हणायचे. "कोणाचं बी राज्य येऊ दे, ह्यो बाण हाय तसाच फिरणार. ह्याच्यासाठी कुणाला पुन्हा शाळेत बसावं लागत नाय." प्रश्नाच्या वर इंग्रजीत दोन ओळींच्या सूचना असत, त्या ते वाचतही नसत. चित्राला कसली आली सूचना?

अडचण अशी, की शिकवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. माझं उत्तर गाईडाशी जुळायचं, पण नानांनी दुरुस्त केलेल्या उत्तराशी जुळायचं नाही. मी विचारायची, "असं कसं?" तर म्हणायचे, "बघ नीट. दिसंल." मग मी बघत बसायची. नाना चुकतील असं मला वाटणंच शक्य नव्हतं, म्हणून त्यांचं उत्तर बरोबर ठरेल असा काहीतरी नियम मी ओढून ताणून शोधून काढायची. बाण एक घर पुढं, मग उडी मारून दोन घरं मागं, मग ठिपक्याशी अदलाबदल... असले नियम त्या पुस्तक छापणाऱ्याच्या स्वप्नातही आले नसतील. सोप्या प्रश्नांकडं तर आम्ही फिरकतच नव्हतो. "सोप्यात वेळ घालवायचा नाय," असा नानांचा दंडक होता. आणि प्रश्नचिन्हवाल्या प्रश्नांत आमचं तिघांचं, म्हणजे माझं, नानांचं आणि दिल्लीवाल्यांचं, नेहमी एकमत व्हायचं. त्यामुळं शंका घ्यायला जागाच उरली नाही.

पहिल्या खेपेला मी नापास झाले. इंग्रजी बरं गेलं होतं, गणितही. आकृत्यांपाशी आले आणि प्रत्येक चौकोनात मला दोन-दोन नियम दिसायला लागले. एक सरळ दिसायचा, दुसरा नानांसारखा. कुठला धरू हेच ठरेना, आणि ते ठरवण्यातच घंटा झाली.

निकाल कळला तशी आत्या देवगावहून आली. तिनं एक स्थळ आणलं होतं. विहीर बागायत, मुलगा साखर कारखान्यात. माणसं वाईट नव्हती, पण सून नोकरी करणार नाही हे त्यांनी आधीच कळवलं होतं. आत्या नानांना म्हणाली, "पोरीनं परीक्षा दिली, हौस फिटली. आता कुठवर घरात ठिवायची?" नाना बराच वेळ पानाला चुना लावत राहिले. मग म्हणाले, "अजून एकदा बसू दे तिला. नाय झालं तर तू म्हणशील तिथं देऊ."

तो शब्द माझ्यादेखत गेला होता. मला नोकरी हवी होती. का हवी होती, तर सकाळी पर्स घेऊन घरातून निघायचं आणि संध्याकाळी थकून परत यायचं, हे मला इतकं आवडलेलं होतं की त्याचं दुसरं कारण मी कधी शोधलंच नाही. आमच्या गल्लीतून एक बाई तशी टेलिफोन ऑफिसात जायची. तिची चाल बघायला मी दारात उभी राहायची.

पुढच्या परीक्षेची जाहिरात आली आणि पुन्हा सतरंजी, पुन्हा गाईड, पुन्हा गलत. माझा स्वभाव मुळात तापट. एका संध्याकाळी लागोपाठ "गलत, गलत" ऐकल्यावर मी पुस्तक मिटून बाजूला सारलं. "मला डोकंच नाय आकृत्यांचं," मी म्हणाले, "आत्याला कळवून टाका." आणि रडायला लागले. मला रडू आलेलं आवडत नाही, त्यामुळं जास्तच रडू आलं.

नाना गडबडले. समजूत घालणं त्यांना जमायचं नाही. त्यांनी कचेरीतून आणलेल्या जुन्या कागदाची कोरी बाजू वर केली आणि पेन्सिलीनं ओळीत चार ताटं काढली. "हे घे. लहान पोराला बी येईल. रडू नको."

मी डोळे पुसून पाहिलं. पहिल्या ताटात भाकरीचा चतकोर, दुसऱ्यात अर्धी, तिसऱ्यात पाऊण, चौथ्यात अख्खी भाकरी. मला नाही म्हटलं तरी हसू आलं. मी म्हणाले, "पुढच्या ताटात एक अख्खी आणि वर चतकोर."

"गलत," नाना म्हणाले. "रिकामं ताट."

"रिकामं? अहो नाना, भाकरी वाढत चाललीय ना?"

"भाकरी कधी वाढती का? खाल्ली की कमी व्हती."

आई चुलीपाशी लसूण सोलत होती. ती तिथूनच म्हणाली, "हिच्या ताटात भाकरी वाढती अन् तुमच्या ताटात संपती. एकाच घरात दोन तऱ्हा?" आणि लसणाचं सूप हातात घेऊनच उठून आमच्यात येऊन बसली. तिनं कागद आपल्याकडं ओढला, पाहिला आणि नानांना विचारलं, "तुम्ही खायला सुरुवात कुठल्या ताटापासनं केली?"

नानांनी पेन्सिल टेकवली ती उजवीकडच्या टोकाच्या ताटावर. अख्खी भाकरी तिथं होती.

"आन् तू?"

मी डावीकडच्या चतकोरावर बोट ठेवलं.

आईला आधी कळलं. ती हसायलाच लागली. "अगं, माझ्यापाशी शिकताना बी हे असंच करायचे! पाटी घेतली की उर्दूसारखा उजव्या कोपऱ्यात 'क'. मी हात धरून डावीकडं आणायची, की दुसऱ्या दिवशी पुन्हा उजव्या कोपऱ्यात. अक्षरं सुधारली, पण डोळा काय बदलला नाय तुमचा."

मीही हसले. मला तर इतकं हलकं वाटत होतं की विचारू नका. माझ्या डोक्यात काही खोट नव्हती! बाण नानांच्या बाजूनं बघितला तर घड्याळासारखा फिरायचा, माझ्या बाजूनं बघितला तर उलटा. शेवटच्या चौकोनानंतर काय येईल ते मी बघायची, नाना पहिल्याच्या आधी काय असेल ते शोधून ठेवायचे. दोन्ही आपापल्या जागी चोख होतं. मी हे सगळं भडाभडा बोलत सुटले आणि मग लक्षात आलं, की नाना हसत नाहीयेत.

त्यांनी गाईड घेतलं, शेवटची पानं काढली आणि खोडरबर मागितलं. आपली एकेक दुरुस्ती ते खोडायला लागले. छापलेलं उत्तर पुन्हा नीट दिसेपर्यंत घासायचे, कागदाचा चुरा फुंकायचे, पुढच्याकडं वळायचे. आई म्हणाली, "राहू द्या, जेवून घ्या." ते थांबले नाहीत. सगळं झाल्यावर पुस्तक माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "तुझं एक वर्ष मी खाल्लं."

दुसऱ्या दिवसापासून ते सतरंजीवर बसेनात. कचेरीतून आले की चहा घेऊन बाहेर पडायचे, शहागंजच्या घड्याळाच्या टॉवरपाशी ओळखीच्यांत बसून राहायचे आणि जेवायच्या वेळेला परत यायचे. मला म्हणाले, "क्लास लाव. फीचं मी बघतो." बोलणं तेवढंच.

मला राग आला. आज विचार करते तेव्हा त्यांचं दुःख समजतं. जगात बिनभाषेची एक गोष्ट त्यांना सापडली होती, जिथं त्यांना कुणी पुन्हा बाराखडीला बसवणार नव्हतं, आणि तिथंही डावी-उजवी निघाली. पण तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की परीक्षा तोंडावर आली आहे, आत्याचं स्थळ दिवाळीनंतर उत्तर मागणार आहे आणि ज्यांच्या जिवावर मी बसले होते ते ऐन वेळी टॉवरपाशी गप्पा मारत बसलेत. क्लास मी लावला नाही. एकटीच बसून आकृत्या सोडवायला लागले. आता उत्तरं जुळत होती, पण गंमत गेली होती. सुटल्यावर "वाह" म्हणायला कुणी नव्हतं.

असं करता करता मी प्रश्नचिन्हवाल्या प्रश्नांपाशी आले. तिथं नानांनी काहीच खोडलं नव्हतं, कारण तिथं त्यांचं आणि पुस्तकाचं कधी भांडणच झालं नव्हतं. मी एक प्रश्न मुद्दाम उजवीकडून सोडवून पाहिला. तीच आकृती आली. दुसरा पाहिला, तीच. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पुढची आकृती विचारली तर कुठून निघालात यानं फरक पडतो. पण जागा ठरलेली असेल, तर इकडून या नाहीतर तिकडून या, त्या रिकाम्या घरात एकच आकृती बसते.

मी पुस्तक घेऊन तशीच निघाले. नाना टॉवरपाशी एका दुकानाच्या फळीवर बसले होते. शेजारी त्यांचे दोस्त, कचेरीतले जुने सहकारी, पानं खात होते. चारचौघांत मुलीनं असं पुस्तक घेऊन येणं आमच्याकडं शोभण्यासारखं नव्हतं. मी पुस्तक त्यांच्यापुढं धरलं.

"हे बघा. प्रश्नचिन्हाचा तुमचा एक बी प्रश्न चुकलेला नाय."

नाना इकडंतिकडं बघत म्हणाले, "घरी चल. घरी बोलू."

"घरी तुम्ही असता कुठं?" माझा आवाज चढलाच. "तुम्ही तिकडनं आलात, मी इकडनं आले, दोघं एकाच घरात पोचलो तर उत्तर पक्कं. मला दुसरं कोण मिळणार हाय तिकडनं यायला?"

 त्या दोस्तांतले एक, नानांच्याच शाळेत शिकलेले, दाढीला हात लावून म्हणाले, "लडकी गलत क्या बोल रही? जाओ मियाँ, घर जाओ." नाना उठले. रस्ताभर पुस्तक माझ्या हातातून घेऊन चालता चालता वाचत होते. एका सायकलवाल्यानं त्यांना चुकवत शिवी हासडली, तीही त्यांना ऐकू गेली नाही.

त्या दिवसापासून आमचा नवा खेळ सुरू झाला. मधे पुस्तक ठेवायचं, मी डावीकडून निघायचं, त्यांनी उजवीकडून. आधी पोचेल त्यानं गप्प राहायचं आणि दुसऱ्याची वाट बघायची. दोघांची बोटं एकाच आकृतीवर पडली की नाना मोठ्यानं "दुरुस्त!" म्हणायचे आणि आई स्वयंपाकघरातून विचारायची, "कोण जिंकलं?" ज्यांत प्रश्नचिन्ह नसे त्या प्रश्नांत मी त्यांना ओळीच्या उजव्या टोकाला एक कोरा चौकोन काढून द्यायची. "हे तुमचं पहिलं घर," म्हणायची. मग त्यांचा बाणही बरोबर घरी यायला लागला. एका गोष्टीचं मला नवल वाटायचं. काही आकृत्या माझ्या बाजूनं जीव खाऊन सुटायच्या, त्याच त्यांच्या बाजूनं चुटकीसरशी सुटायच्या. काहींचं नेमकं उलट व्हायचं. नाना म्हणायचे, "जिकडनं उतार, तिकडनं पाणी."

परीक्षेच्या दिवशी ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले. शहरातल्याच एका शाळेत केंद्र होतं. फाटकाशी पोरांची ही गर्दी. नानांनी दोन पेन्सिली टोक करून कागदात गुंडाळून आणल्या होत्या, त्या मला दिल्या आणि हळूच म्हणाले, "आत माझ्यासारखं बघत बसू नको बरं. आपलं डावीकडनं सरळ जा."

मी सरळच गेले. आकृत्या ओळखीच्या वाटत होत्या, हात चालत होता. एके ठिकाणी मात्र गाडी अडली. पाच चौकोनांत दुसऱ्याच घरात प्रश्नचिन्ह होतं. डावीकडं एकुलता एक चौकोन, त्यात नुसता रेघांचा गुंता. त्या एकावरून नियम कसा काढायचा?  मागच्या वेळी असंच अडले होते आणि मग सुटलेच नव्हते. मग मी बोट उचललं आणि उजवीकडच्या टोकाला ठेवलं. तिकडून तीन चौकोन ओळीनं भरलेले होते. टोकाच्यात एकच रेघ, अलीकडच्यात दोन, त्याच्या अलीकडं तीन, आणि नवी रेघ दर वेळी एकाच बाजूला वळून येत होती. पुढची रेघ कुठं येणार हे मला पेन्सिल टेकवायच्या आधीच दिसलं. बाकीचा पेपर मी हसत सोडवला असं म्हणणार नाही, पण सोडवला पूर्ण.

बाहेर आले तर नाना तिथंच उभे होते. उन्हात, सायकलला टेकून. घरी गेलेच नव्हते.

"कसा गेला?"

"बरा गेला. एक अडला होता." मी म्हणाले, "मग तुमच्या बाजूनं सोडवला."

 नानांनी उगाच सायकलचं चाक दाबून हवा बघितली. हवा चांगली होती. मग वळून सायकल ढकलत पुढं चालायला लागले, आणि त्यांचा चेहरा मला दिसू नये म्हणून की काय, मधल्या चौकापर्यंत माझ्या दोन पावलं पुढंच राहिले.

मी पास झाले, मुलाखतीतूनही पार पडले आणि खुलताबादच्या शाखेत रुजू झाले. आत्यानं पेढे आणले, वर "मी म्हणतच होते" असंही म्हणाली. अभिनंदनाला शहागंजातले सगळे ओळखीचे येऊन गेले. नाना प्रत्येकाला चहा द्यायचे, माझं कौतुक ऐकून घ्यायचे आणि माणूस उठायला लागला की त्याला थांबवून सांगायचे, "त्यातला एक मार्क माझा हाय."

तो प्रश्न बरोबर आला की चुकला, हे परीक्षा घेणाऱ्यांनी कधी कुणाला कळवलं नाही. मी मात्र येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, की व्हय, हाय.